मुलांच्या हातातला अग्निबाण

दिवाळी जवळ आली की घरोघर एक जुना वाद नव्याने सुरू होतो. मुलगा म्हणतो, "मला रॉकेट हवं." आई म्हणते, "फुलबाजी घे, भुईचक्र घे, पण ते बाटलीतलं रॉकेट नको." वडील मध्यस्थी करतात. शेवटी रॉकेट येते, ते वडीलच पेटवतात आणि मुलगा दहा हात दूर उभा राहून पाहतो. दोन क्षणांत सारे आटोपते. मुलाच्या पदरी काय पडते? सुंऽऽ असा एक आवाज, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या पत्र्यावर सापडलेली जळकी काडी!

वाचकहो, हा वाद दिसतो तितका किरकोळ नाही. मुलाची मागणी रास्त आहे आणि आईची भीतीही रास्त आहे. मुलाला आपल्या हाताने काहीतरी आकाशात धाडायचे असते. आईला त्याचे डोळे आणि बोटे शाबूत हवी असतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न केवळ आपल्याच घरात उभा राहिला असे नाही. सत्तर वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका देशात फार तीव्रतेने उभा राहिला, आणि तिथे त्याला एक चांगले उत्तरही मिळाले. ती हकीकत आज सांगायची आहे. पण ती नीट कळायची तर अग्निबाणाचा मागचा इतिहास थोडा पाहायला हवा.

आमच्या एकलहऱ्याच्या मुलाला वर पाहण्याची सवय आपोआपच लागते. विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या समोरच उभ्या. नाशिकरोडजवळच्या गांधीनगरात सैन्याच्या वैमानिकांची शाळा आहे, तिथली हेलिकॉप्टरे डोक्यावरून घरघरत जातात. देवळालीला तोफखान्याचे शिक्षण देणारी मोठी शाळा आहे, आणि आजच्या तोफखान्यात तोफेइतकाच रॉकेटलाही मान आहे. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. अग्निबाणांत भरायचे घन इंधन तयार करणारे संरक्षण खात्याचे एक केंद्रही नाशिकचेच. एवढे सगळे भोवती असताना मुलाने विचारले, "बाबा, रॉकेट वर कसं जातं?" तर आपण काय सांगतो? "मोठा झालास की कळेल." असे सांगून भागत नाही. मोठा होईपर्यंत तो प्रश्न विसरून जातो, हीच तर खरी हानी.

आता थोडे मागे जाऊ. बंदुकीच्या दारूचा शोध चिनी लोकांचा. तिथून ती हिंदुस्थानात आली आणि लढाईबरोबरच उत्सवातही शिरली. इराणी वकील अब्दुर रझाक १४४३ साली विजयनगरात होता. तिथल्या महोत्सवातील आतषबाजीचा उल्लेख त्याने करून ठेवला आहे. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावर 'कौतुकचिंतामणि' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात शोभेच्या दारूच्या कृती दिल्या आहेत, गंधक, सोरा आणि कोळसा यांच्या प्रमाणांसह. आपल्या मराठीत पाहाल तर एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीत पुरे केलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या थाटात दारूकामाचे वर्णन येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ही सगळी साधने एकत्र करून हिंदुस्थानातील आतषबाजीचा इतिहास लिहिला. आपल्या फटाक्यांचाही इतिहास असू शकतो, हे त्यांच्यामुळे आम्हाला कळले.

पेशवाईतली एक गोष्ट मोठी मौजेची आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले, असे बखर सांगते. तिथला राजा गावाबाहेर दारूची लंका उभारी. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारूने भरलेला मोठा हनुमान. त्याच्या शेपटीला बत्ती लावली की तो उडे आणि लंकेची घरे पेटवीत सुटे. हे ऐकून श्रीमंतांना ते पाहायची इच्छा झाली. मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तसाच दारूखेळ झाला, आणि सारे शहर तो पाहायला लोटले. आता यात एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळ करणारे कसबी कारागीर वेगळे आणि पाहणारे वेगळे. राजापासून रयतेच्या पोरापर्यंत सगळे प्रेक्षक! दारू कारागिराच्या हातात राही. ही व्यवस्था सुरक्षित होती, पण तिच्यात पाहणाऱ्याला शिकायला फारसे काही नव्हते.

दारूच्या नळीचे दुसरे घर म्हणजे रणांगण. मोगलांच्या, मराठ्यांच्या, निजामाच्या फौजांत 'बाण' असतच. पण या हत्याराला खरी धार आणली ती म्हैसूरच्या हैदर आणि टिपू यांनी. त्यांनी दारू लोखंडी नळीत ठासली आणि नळीला बांबूची लांब काठी बांधली. युक्ती साधी, परिणाम मोठा. लोखंडामुळे आतला दाब अधिक काळ टिकतो, वायू अधिक जोराने बाहेर पडतो, आणि बाण हजार वारांच्या आसपास जाऊन पडतो. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेचा धुव्वा उडाला. बाणांच्या आणि तोफांच्या माऱ्यात त्यांच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट झाला होता. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि तिथले बाण इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हने वुलिचला त्यांचा अभ्यास करून आपले रॉकेट बनवले, आणि १८०७ साली कोपनहेगन शहर जाळताना इंग्रजांनी तेही वापरले. पुढे दीडशे वर्षांनी अब्दुल कलाम नावाचा एक तरुण अभियंता शिकण्यासाठी अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावर गेला. तिथल्या केंद्रात त्याला भिंतीवर एक चित्र दिसले. चित्रात होते टिपूचे बाणदार! आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ही आठवण सांगितली आहे.

लोखंडी नळीची ही गोष्ट आपण विसरू नये, कारण पुढच्या अपघातांचे मूळ तिच्यातच आहे. जी नळी बाणाला दूर नेते, तीच फुटली तर तिचे तुकडे होऊन चौफेर उडतात. कागदी नळी फुटली तर बहुधा भाजण्यावर भागते. लोखंडी फुटली तर माणूस जातो.

अग्निबाण वर का जातो, याचे उत्तर न्यूटनने १६८७ सालीच देऊन ठेवले होते. जितक्या जोराने एखादी वस्तू मागे ढकलावी, तितक्याच जोराने आपण पुढे ढकलले जातो. बाण हवेला रेटून वर चढत नाही, तो आपल्याच पोटातला वायू मागे फेकून चढतो. म्हणूनच तो हवा नसलेल्या आकाशातही चालतो. हे गणिताने दाखवले रशियातील कालुगा गावच्या एका शाळामास्तरांनी. त्सिओल्कोव्स्की त्यांचे नाव. लहानपणीच्या आजाराने त्यांना ऐकू येईनासे झाले होते. त्यांचा निबंध १९०३ सालचा. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी द्रवरूप इंधनाचे पहिले रॉकेट सोडले. ते अडीच सेकंद उडाले, ४१ फूट उंच गेले आणि शेतात पडले. एवढ्याशा उड्डाणातून चंद्रावरची वाट निघाली. आपल्याकडे कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ यांनी १९३४ पासून दहा वर्षे टपालाचे रॉकेट उडवण्याचा ध्यास घेतला. १९३५ साली त्यांनी एक कोंबडा आणि एक कोंबडी दामोदर नदीच्या पलीकडे रॉकेटमधून सुखरूप पोचवली!

आता येतो मूळ हकीकतीकडे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुट्निक सोडला आणि सारे जग वर पाहू लागले. अमेरिकेतील शाळकरी मुलांना तर रॉकेटचे वेडच लागले. घरामागच्या पडवीत, गॅरेजमध्ये मुले नळाचे तुकडे घेऊन त्यांत मिळेल ते रसायन ठासू लागली. लोखंडी नळी आणि घरगुती दारू! व्हायचे तेच झाले. कित्येकांची बोटे गेली, डोळे गेले, काही जिवाला मुकले. वडीलधाऱ्यांपुढे दोनच वाटा दिसत होत्या. सरसकट बंदी घालावी, की मुलांच्या उत्साहापुढे मान तुकवावी?

तिसरी वाट दाखवली ती नेब्रास्का प्रांतातील नॉरफोक गावच्या एका जोड्याच्या दुकानदाराने. ऑर्व्हिल कार्लाइल हे त्यांचे नाव. शोभेच्या दारूचा त्यांना छंद होता आणि रीतसर परवानाही होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती बनवत, आणि रॉकेटचे तत्त्व लोकांना समजावून सांगण्यासाठी त्यांना उडणारा नमुना हवा होता. म्हणजे हा दोन भावांचा घरगुती उद्योग. १९५४ साली त्यांनी कागदी नळीचे एक छोटे रॉकेट तयार केले. त्याचे शेपूट हलक्या लाकडाचे. आत दारूचा एक लहानसा तयार नळा, आणि वर गेल्यावर उघडणारी छत्री. रॉकेट छत्रीने अलगद खाली येई. नवा नळा घातला की पुन्हा उडायला तयार.

१९५७ च्या फेब्रुवारीत हॅरी स्टाइन यांचा एक लेख एका मासिकात आला. स्टाइन हे व्हाइट सँड्स येथील सरकारी रॉकेट तळावर काम करणारे गृहस्थ. खरी रॉकेटे उडवताना अपघात टाळण्यासाठी किती खबरदारी घेतात, हे त्यांनी लेखात सांगितले होते. कार्लाइल यांनी तो वाचला आणि आपली रॉकेटे स्टाइनना पाठवून दिली. स्टाइननी ती उडवून पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आले की मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. त्याच वर्षी त्यांनी या छंदासाठी संघटना काढली आणि नियम घालून दिले. दारूला मुलाने हात लावायचा नाही, नळा कारखान्यातूनच यायचा. अंगाला धातू नाही, कागद आणि हलके लाकूड. बत्ती काडीने नाही, दूर उभे राहून विजेच्या तारेने. उलटी गणती मोठ्याने करायची. रॉकेट परत सुखरूप उतरले पाहिजे.

पण इतके नळे करणार कोण? त्यासाठी डेन्व्हरचे तरुण व्हर्न एस्टीज पुढे आले. घरचा व्यवसाय त्यांना परिचित होताच. १९५८ साली त्यांनी दाबलेल्या हवेवर चालणारे एक यंत्र तयार केले. ते दर साडेपाच सेकंदांना एक नळा बाहेर टाकी. त्या यंत्राला त्यांनी मेबल असे बाईचे नाव दिले होते! एस्टीज आणि त्यांच्या पत्नी ग्लेडा यांनी पुढे हा छंद घरोघरी नेला.

यातले मर्म कोणते? मुलांकडून दारू काढून घेतली, पण रॉकेट काढून घेतले नाही. उलट दारूच्या बदल्यात त्यांच्या हातात कितीतरी गोष्टी ठेवल्या. कागद कापणे, पंख बसवणे, तोल पाहणे, वाऱ्याची दिशा बघणे, थांबणे, मोजणे, वहीत टिपणे. पर्वतीच्या दारूखेळात मूल नुसते पाहत होते. पोल्लिलूरच्या रणात बाण नुसता मारत होता. इथे प्रथमच मूल कर्ता झाले, आणि त्याच्या शेजारी त्याचे वडील किंवा आई उभी राहिली.

मग हा छंद आपल्याकडे का आला नाही? रॉकेटविद्येत आपण मागे नव्हतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले. त्या सुरुवातीच्या मंडळींत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, पुण्याचे प्रमोद काळे होते. पुढे आलेल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाच्या विद्येचा पाया घातला. थुंब्याला रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचे छायाचित्र आपण पाहिलेच असेल. २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेले आपल्या बनावटीचे पहिले रॉकेट, रोहिणी, अवघे ७५ मिलिमीटर रुंदीचे होते. साध्या पेल्याच्या तोंडाएवढे! त्याला कोणी खेळणे म्हटले असते तर नवल नव्हते.

अडचण विद्येची नव्हती. ती कायद्याची आणि बाजाराची होती. स्फोटकांचा कायदा आपल्याकडे १८८४ पासून आहे. १९०८ च्या एप्रिलात मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि जूनमध्ये स्फोटक द्रव्यांचा आणखी कडक कायदा आला. त्याच बॉम्बप्रकरणावर लिहिलेल्या अग्रलेखांसाठी लोकमान्यांना मंडालेला जावे लागले. ते कायदे परक्या सरकारच्या भीतीतून आले हे खरे, पण स्वराज्यात ते ठेवावे लागले यालाही कारण आहे. दारू कोणाच्या हातात आहे यावर दारू धोकादायक ठरत नाही. परवान्याशिवाय घरी दारू करणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि तसा तो असावा. तयार नळे आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. अलीकडे महाविद्यालयांतील मुलांसाठी देखरेखीखाली स्पर्धा होऊ लागल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात अशी एक मोठी स्पर्धा झाली. पण ती थोरली मुले. सात-आठ वर्षांच्या पोराचे काय?

त्याच्यासाठी दारूची गरजच नाही, वाचकहो. न्यूटनचा नियम दारूवर अवलंबून नाही. मागे काहीतरी जोराने फेकले की झाले! मग ते पाणी का असू नये?

पाच वर्षांच्या मुलासाठी फुगा पुरे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा ताणा, त्यात शीतपेयाची नळी ओवा, नळीला फुगवलेला फुगा चिकटवा आणि तोंड सोडून द्या. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी शीतपेयाची प्लास्टिकची बाटली. अशी बाटली १९७३ साली निघाली ती आतल्या वायूचा दाब सोसण्यासाठीच. बाटलीला पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवा आणि टोकाला कागदी टोपी. तिसरा हिस्सा पाणी भरा. तोंडाला घट्ट रबरी बूच, बुचातून फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई आरपार, आणि सुईला लांब नळीने जोडलेला सायकलचा पंप. बाटली तोंड खाली करून चौकटीत उभी करा आणि हवा भरा. दाब पुरेसा झाला की बूच सुटते आणि बाटली पाणी मागे टाकत झेप घेते.

नियम मात्र तेच, नॉरफोकचे आणि व्हाइट सँड्सचे. बाटली काचेची किंवा धातूची कधीही नाही. चिरा गेलेली, उन्हात तापून मऊ झालेली नाही. पंप मोठ्या माणसाने मारायचा. हवा चाळीस पौंडांच्या पुढे न्यायची नाही. सायकलवाल्याकडे दाब दाखवणारा काटा असलेला पंप मिळतो. मुले दहा पावले मागे. बाटलीवर ओणवे होऊन कोणी पाहायचे नाही. बूच सुटलेच नाही तर जवळ जायचे नाही. पंपाच्या टोकाशी नळी सोडून हवा जाऊ द्यायची. आणि जागा पाहून घ्यायची. एकलहऱ्याच्या परिसरात विजेच्या मोठ्या तारा चहूकडे गेल्या आहेत. त्यांच्याजवळ हा खेळ करूच नये. हेलिकॉप्टरचा आवाज आला की थांबावे. द्राक्षबागेच्या तारा आणि मांडव टाळून, पीक निघालेले मोकळे रान गाठावे, आणि मालकाला आधी विचारावे.

हा खेळ एकदा करून संपत नाही, हीच त्याची खुबी. पहिल्यांदा पाणी थोडे घाला, मग निम्मे घाला, मग मुळीच घालू नका. सर्वांत उंच कधी गेली? मुलालाच सांगू द्या. पंख काढून पाहा. बाटली कोलांट्या खाते. मग दिवाळीच्या रॉकेटला काडी का लावतात, ते न सांगता कळते. टोपीत थोडी माती भरून टोक जड करा, बाटली सरळ जाते. मुलगी असेल तर ती हे अधिक नेटाने करते, असा शिक्षक म्हणून माझा अनुभव आहे. आणि प्रत्येक वेळी वहीत लिहायला लावा: पाणी किती, पौंड किती, किती सेकंद वर राहिली. आशियातील शाळकरी मुलांसाठी पाण्याच्या रॉकेटांचे मेळावे २००५ पासून भरू लागले. तिथे मुले हेच करतात, फक्त अधिक काटेकोरपणे.

त्यातून आणखी एक गोष्ट मुलाला समोर दाखवता येते. आमच्या विद्युत केंद्रात कोळशाची आच पाण्याची वाफ करते आणि ती वाफ जोराने पात्यांवर आदळून चक्र फिरवते. तिथे वाफ ढकलते आणि चाक फिरते. इथे दाबलेली हवा पाणी बाहेर ढकलते आणि बाटली उडते. मुलाला चिमणी रोज दिसते. तिच्या पोटात काय चालते ते एका बाटलीवरून थोडेफार उमगले, तर शाळेतले पुस्तक त्याला परके वाटणार नाही.

यासाठी दिवस कोणते निवडावेत? ४ ते १० ऑक्टोबर हा आठवडा संयुक्त राष्ट्रांनी १९९९ साली अंतराळ सप्ताह म्हणून ठरवून दिला आहे. त्यातला पहिला दिवस स्पुट्निकचा. आपल्याकडे तेव्हा पाऊस माघारी वळलेला असतो, आकाश धुऊन निघालेले असते, आणि दिवाळी उंबरठ्यावर असते. दिवाळीच्या खरेदीला निघण्याआधीचा एक रविवार यासाठी मोकळा ठेवावा. खर्च म्हणाल तर रिकामी बाटली, बूच, सुई आणि उसना आणलेला पंप. वही जुन्या वर्षाची चालेल, मागची कोरी पाने पुष्कळ असतात.